घारपुऱ्यांचे धामणकर

अच्युतराव घारपुऱ्यांना चित्रपटांविषयी मतं होती. ती त्यांनी मनात ठेवली असती तर त्यांचा जन्म इंदुरातल्या दुसऱ्या कुठल्याही कारकुनासारखा बरा गेला असता. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, मध्य भारत सरकारच्या सचिवालयात कायमची नोकरी होती, कुमुदिनीबाईंसारखी सोशिक बायको होती. पण या गृहस्थांना गप्प बसवत नसे. ज्या चित्रपटाला सगळं शहर रुमाल भिजवून आलं, त्याला ते म्हणणार, कांदा चिरायला बसलं तरी एवढंच पाणी येतं. ज्या दिग्दर्शकाची तसबीर लोकांनी देवघरात लावायचीच काय ती बाकी ठेवली होती, त्याला ते मांडववाला म्हणत. लग्नाचा मांडव फक्कड घालेल, पण संसार कशाशी खातात ते त्याला ठाऊक नाही. आणि गाण्यांवर तर त्यांचा दातच होता. भरल्या पंगतीत कोणी बँड आणून वाजवावा तशी ही गाणी मध्येच येतात आणि तोंडातला घास तोंडात राहतो, असं त्यांचं म्हणणं.

लोक आधी हसत, मग चिडत, शेवटी टाळत. कचेरीत शेजारच्या टेबलावर कृष्णराव म्हणून एक बेरकी गृहस्थ होते. ते सोमवारी आल्याआल्या काडी लावून देत, की काय अच्युतराव, काल कुठला पिक्चर पाडलात? आणि मग दुपारपर्यंत गंमत बघत बसत. शहरातल्या एका साप्ताहिकानं अच्युतरावांना चित्रपटांवर लिहायला अर्धा रकाना दिला आणि थोड्याच दिवसांत तो काढून घेतला, कारण टॉकीजवाल्यांनी जाहिराती बंद केल्या. मेहुणीच्या लग्नात व्याह्यांनी मोठ्या हौसेनं आपल्या आवडत्या चित्रपटाची गोष्ट सांगायला घेतली, तर या जावईबापूंनी पंगतीतच तिची चिरफाड केली. तेव्हापासून माहेरच्या कार्यांना कुमुदिनीबाई एकट्याच जाऊ लागल्या.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, माणूस मोठा ताठ आहे. आतली गोष्ट वेगळी होती. सगळी टॉकीज हुंदके देते आहे आणि आपले डोळे कोरडे, असं दर वेळी झालं की कुणाचंही मन खातं. आपल्यातच काही कमी आहे का, ही शंका अच्युतरावांना वर्षानुवर्षं पोखरत होती. मोठ्यानं बोलायचे ते त्या शंकेचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

त्या काळात राजधानीची तऱ्हा अशी होती, की उन्हाळ्यात सरकार इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. कागदांच्या पेट्या आणि कारकून दोन्ही गाडीत घालून तिकडे जायचे, बायकामुलं मागे राहायची. अशा एका हिवाळ्यात, ग्वाल्हेरच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, खोलीवर बसवेना म्हणून अच्युतराव रविवारी दुपारी समोर दिसलेल्या टॉकीजमध्ये शिरले. आत तुरळक माणसं होती आणि त्यांतली निम्मी ऊब घ्यायला आलेली. चित्रपट होता 'कच्ची पगडंडी'. दिग्दर्शकाचं नाव दिनानाथ धामणकर, कधी ऐकलेलं नाही. नट नवखे, प्रकाश मंद, गाणं एकच आणि तेही एक म्हातारा गुरं हाकताना स्वतःशी गुणगुणतो तेवढंच. आणि अच्युतराव घारपुरे तिथं ढसाढसा रडले. शेजारचा माणूस जागा होऊन त्यांच्याकडे बघू लागला. बाहेर आल्यावर त्यांना थंडी लागत नव्हती. जगात आपल्यासारखं बघणारा आणखी एक माणूस आहे, मुंबईत आहे आणि तो चित्रपट काढतो आहे, म्हणजे आपण वेडे नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

त्यांनी धामणकरांना कार्ड टाकलं. उत्तर आलं. मग पत्रं सुरू झाली. धामणकरांचे तीन चित्रपट झाले होते आणि तिन्ही आपटले होते. चौथा, 'राख और आँगन', कसाबसा पुरा झाला होता. तोही अच्युतरावांनी पुढच्या हिवाळ्यात ग्वाल्हेरलाच पाहिला, लागोपाठ दोन खेळ. त्यात एका खेड्यातल्या बाईचा मुलगा लढाईवर गेलेला असतो. सकाळी तार येते. बाई रडत नाही, कुणाला सांगत नाही. चूल पेटवते, भात टाकते, रोजच्यासारखी दोन ताटं वाढते. स्वतःच्या ताटावर बसते. बराच वेळ नुसती बसते. मग मुलाच्या ताटातला भात हळूच आपल्या ताटात ओढून घेते आणि जेवायला लागते. एवढा सगळा वेळ पडद्यावर एक शब्द नाही, वाद्य नाही, चुलीतल्या लाकडांचा आवाज तेवढा. अच्युतरावांनी त्या एका भागावर धामणकरांना लांबलचक पत्र लिहिलं. बाकीचा चित्रपट हवा तर जाळून टाका, त्यांनी लिहिलं होतं, पण हे ताटाचं राहू द्या, माझ्यासारख्याला जगायला एवढं पुरे आहे. धामणकरांनी उलट टपाली कळवलं, की तुमचं पत्र खिशात ठेवून फिरतो.

आता हा चित्रपट इंदुरात लागावा, असं अच्युतरावांनी मनावर घेतलं. मोठ्या टॉकीजवाल्यांनी दारातूनच वाटेला लावलं. उरले चंद्रिका टॉकीजचे प्रतापराव जाधव. प्रतापरावांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. घोडे गेले, जहागीर गेली, आणि नातवानं पत्र्याच्या छपराखाली ठेक्यानं टॉकीज चालवायला घेतली. माणूस दिलदार होता, बोलायला गोड होता, पण चित्रपट म्हणजे त्याला कापडाचं ठाण वाटे. गिऱ्हाइकाच्या मापानं फाडायचं. शुक्रवारी पहिल्या खेळाला प्रतापराव सगळ्यात मागच्या बाकावर मशीनच्या खोलीला पाठ टेकून बसत, आत मशीनवाला लक्ष्मण असे. पब्लिक जिथं विडी ओढायला उठलं, जिथं कुणी जांभई दिली, तिथं भिंतीवर थाप मारत आणि आत लक्ष्मण खूण करून ठेवी. तो भाग संध्याकाळच्या खेळाला गायब. भरीला, जुन्या मोडीत निघालेल्या चित्रपटांमधले नाच कापून त्यांनी एका डब्यात जमा केले होते आणि त्याला ते मसाल्याचा डबा म्हणत. कुठला चित्रपट फिका लागला की चिमूटभर मसाला. परतीच्या वेळी लक्ष्मण सगळं पूर्ववत जोडून द्यायचा, त्यामुळे मुंबईला पत्ता नसायचा. सगळ्या इंदुरात हे जाहीर होतं, आणि चंद्रिकात पिक्चर हलका करून मिळतो म्हणून लोक मुद्दाम तिथं जात.

अच्युतरावांना हे पुरतं ठाऊक होतं. तरी नशिबानं एका आठवड्याला प्रतापरावांकडे ठरलेला चित्रपट आला नाही आणि त्यांनी घारपुऱ्यांवर मेहेरबानी म्हणून 'राख और आँगन' लावायचं कबूल केलं. अच्युतरावांनी धामणकरांना तारेनं कळवलं. उत्तरात धामणकरांनी जे लिहिलं ते त्यांनी दोनदा वाचलं. मुंबईला चित्रपट दोन आठवड्यांत उतरला होता. पैसा लावणारे सेठ म्हणाले होते, की मध्य भारतातल्या एका शहरात तरी आठवडाभर भरून चालवून दाखवा, तर पुढचा चित्रपट देतो, नाहीतर रामराम. आता सगळी भिस्त तुमच्या इंदुरावर आहे, धामणकरांनी लिहिलं होतं, मी रविवारी येतो आहे.

शुक्रवारी दुपारचा खेळ. अच्युतराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसले. चित्रपट सुरू झाला. पब्लिकनं अर्धा तास कळ काढली. मग तार आली, बाईनं चूल पेटवली आणि टॉकीज शांत झाली. अच्युतरावांना क्षणभर वाटलं, लागलं, लोकांच्या काळजाला लागलं. तेवढ्यात पुढच्या बाकांवरून आवाज उठला, "ए लक्ष्मण, आवाज कहाँ गया रे?" मशीन बिघडलं असंच लोकांना वाटलं. शिट्ट्या सुरू झाल्या, बाक वाजू लागले, कुणी भुईमुगाची टरफलं मशीनच्या खोलीकडे भिरकावली. पडद्यावर बाई मुलाच्या ताटातला भात ओढून घेत होती आणि खाली माणसं तिकिटाचे पैसे परत मागत होती.

खेळ सुटल्यावर प्रतापरावांनी अच्युतरावांना ऑफिसात बोलावलं, चहा सांगितला आणि शांतपणे म्हणाले, की उद्यापासून एक जुना मारामारीचा पिक्चर लावतो. अच्युतरावांनी हात जोडले. मुंबईची सगळी हकिगत सांगितली. एका माणसाचा जन्म अडकलाय, रविवारपर्यंत तरी ठेवा. प्रतापरावांना दया आली. म्हणाले, ठेवतो, मग माझ्या पद्धतीनं ठेवू द्या.

"देखो घारपुरेजी, पब्लिक म्हणजे राजा आहे," प्रतापराव म्हणाले. "तुमचे वडील तर दरबारात होते ना भिया? राजाला नको ते ऐकवायचं का असतं?"

हा शब्द वर्मी लागला. अच्युतरावांचे वडील होळकर दरबारात अर्ज वाचून दाखवत. लोकांची गाऱ्हाणी, विनवण्या, तक्रारी. त्यांचं सगळं कसब वाचण्यात नव्हतं, गाळण्यात होतं. अर्जदारानं रागाच्या भरात लिहिलेलं, सरकारच्या कपाळाला आठी घालील असं वाक्य ते असं उचलून बाजूला ठेवत, की मागचं-पुढचं वाक्य जणू एकमेकांसाठीच लिहिलं होतं असं वाटावं. अर्ज मंजूर होई. अर्जदार पाया पडे. आपण काय लिहिलं होतं आणि त्यातलं काय ऐकलं गेलं, हे त्याला कधी कळत नसे, आणि कळून तरी काय करायचं होतं? घारपुऱ्यांच्या घरात ही विद्या पुण्याई म्हणून सांगितली जाई. लहानपणी अच्युतरावांनी वडिलांच्या मांडीला मांडी लावून ती पाहिली होती.

प्रतापरावांच्या हाती कात्री गेली तर ते चित्रपटाची लक्तरं करतील, ही भीती होतीच. अच्युतराव म्हणाले, कापायचंच असेल तर कुठं ते मी सांगतो. ते लक्ष्मणबरोबर मशीनच्या खोलीत गेले. सगळा चित्रपट त्यांना पाठ होता. गोष्ट न तुटता, कुणाला पत्ता न लागता जो भाग उचलता येईल असा एकच होता. बाई चुलीत फुंकर घालते, जाळ उठतो. तिथपासून ती संध्याकाळी अंगणात येते तिथपर्यंत. मध्ये मसाल्याच्या डब्यातला नाच बसवायचा, म्हणजे जाळावरून थेट शेकोटीवर, शेकोटीभोवती नाचणारी बंजारन. इतका बेमालूम जोड लक्ष्मणनं आयुष्यात लावला नव्हता. तो कौतुकानं म्हणाला, "घारपुरे साहब, आपण तर या धंद्यात पाहिजे होते." कापलेला तुकडा त्यानं एका डब्यात गुंडाळून ठेवला. चित्रपट एकदा चालला, लोकांना चव लागली, की दुसऱ्या आठवड्यात हा परत जोडू, असं अच्युतरावांनी स्वतःला सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यभर गाण्या-नाचांना शिव्या घातल्या, त्यानं स्वतःच्या हातानं हे केलं. आणि करताना त्याला वाटलं काय, तर आपण धामणकरांना वाचवतो आहोत.

चित्रपट चालला. शनिवारी संध्याकाळीच बंजारनवर पैसे उडाले. रविवारी दुपारची तिकिटं सकाळीच संपली.

धामणकर सकाळच्या गाडीनं आले. शिडशिडीत, पिकलेल्या कानशिलांचा, हळू बोलणारा माणूस. अच्युतरावांच्या घरी उतरले. कुमुदिनीबाईंनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. धामणकर थोडंच जेवले, पण प्रत्येक पदार्थाविषयी काहीतरी चांगलं बोलले. मी चित्रपट काढतो ते एका माणसासाठी असं आता मला वाटायला लागलं आहे, असं ते हसत म्हणाले आणि यजमानांकडे बघितलं. अच्युतराव अर्ध्या ताटावरून उठले. पान खायच्या निमित्तानं ते बाहेर पडले आणि धावत चंद्रिकात गेले. आजच्या एका खेळापुरता तो तुकडा जोडा, म्हणून प्रतापरावांच्या विनवण्या केल्या. प्रतापराव चकितच झाले. दारावर ही गर्दी, आणि आज पुन्हा पब्लिककडून बाक मोडून घेऊ? शिवाय तुमच्याच सल्ल्यानं कापलंय, भिया.

घरी परत येताना रस्ताभर त्यांनी ठरवलं, की जाऊन सांगून टाकायचं. गेले, तर धामणकर कोट चढवून तयार होते. अच्युतरावांच्या तोंडून एवढंच निघालं, की ऊन फार आहे, नाही गेलं तरी चालेल. धामणकर म्हणाले, "वा, भरलेली टॉकीज मी कधी पाहिलेलीच नाही."

दोघं शेजारी शेजारी बसले. प्रतापरावांनी त्यांना खास कोच ठेवले होते. चित्रपट पुढे सरकत होता आणि अच्युतराव फक्त शेजारच्या माणसाचा श्वास ऐकत होते. तार आली. बाई चुलीपाशी बसली. धामणकर किंचित पुढे झुकले. बाईनं फुंकर घातली, जाळ उठला, आणि घुंगरं वाजली. टॉकीजमध्ये एकच जल्लोष झाला. पुढच्या बाकांवरची माणसं उभी राहून पडद्याकडे नाणी फेकू लागली. धामणकर तसेच पुढे झुकलेले राहिले. नाच संपला, बाई अंगणात आली, गोष्ट पुढे गेली, तरी ते मागे टेकले नाहीत.

खेळ सुटल्यावर प्रतापरावांनी पडद्यापुढे उभं राहून पब्लिकला सांगितलं, की हा पिक्चर ज्यांनी काढला ते मुंबईचे साहेब आपल्यात बसले आहेत. लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. हार आला, शाल आली, नारळ आला. धामणकर सगळ्यांना नमस्कार करत होते. कुणीतरी त्यांना बंजारनचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, की मला आत्ता आठवत नाही.

परतताना दोघं पायी निघाले. मग धामणकरांनी विचारलं, "ती जागा कुणी निवडली?"

प्रतापरावांचं नाव जिभेवर आलं होतं. पण या माणसाशी खोटं बोलणं अच्युतरावांना जमलं नाही. "मी," ते म्हणाले. "प्रतापराव वाटेल तिथं कापणार होते. तुमचा पुढचा चित्रपट जाऊ नये म्हणून..."

"जागा बरोबर निवडलीत," धामणकर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "जिथं कापलं तर कुणाला कळणार नाही, अशी तेवढीच होती. माझी समजूत होती की एका माणसाला कळेल."

अच्युतराव रस्त्यात उभे राहिले. त्यांना सांगायचं होतं, की मला कळलं, मला एकट्यालाच कळलं, म्हणून तर मी ती ओळखू शकलो. पण हे वाक्य मनात जुळवतानाच त्यांना ते किती भयंकर आहे ते दिसलं. धामणकर संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना कुमुदिनीबाईंच्या श्रीखंडाचं त्यांनी पुन्हा एकदा नाव काढलं.

पुढचं सगळं भराभर झालं. गर्दीची बातमी ऐकून सेठचा माणूस मुंबईहून आला. त्यानं बंजारनसकट चित्रपट पाहिला आणि मांडीवर हात मारला. बंजारनचे हक्क विकत घेतले गेले, मुंबईला मूळ फिल्मवरच कात्री चालली, आणि जिथं जिथं चित्रपट पुन्हा लागला तिथं तो तसाच लागला. सेठ पैशानं भरून निघाले. चंद्रिकातली प्रत परत जाताना लक्ष्मणनं तो तुकडा जोडायला घेतला, तर सेठचा माणूस म्हणाला, कशाला त्रास घेता, आता चालतो तो असाच. अच्युतराव तुकडा मागायला गेले तोवर लक्ष्मणनं डबे रिकामे केले होते. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. जुनी फिल्म भंगारवाले घेऊन जातात, तिच्या बांगड्या होतात, असं त्यानं सांगितलं. तो तुकडा बाकीच्या कातरणांबरोबर गेला होता.

अच्युतरावांनी धामणकरांना पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं. पुढचा चित्रपट तुमच्यामुळे मिळाला, आभारी आहे, एवढंच. नंतरच्यांची आली नाहीत.

मधल्या काळात कुमुदिनीबाई गल्लीतल्या बायकांबरोबर बायकांच्या खास खेळाला जाऊन 'राख और आँगन' पाहून आल्या होत्या. नवऱ्याच्या आवडीचा एखादा चित्रपट आपल्यालाही आवडला, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. तुमच्या माणसाला तो नाच फार छान जमलाय, असं त्या घरी येऊन म्हणाल्या. अच्युतरावांनी मान हलवली. त्या दिवसापासून हे गृहस्थ गप्प झाले. कृष्णरावांनी काडी लावून पाहिली, दोन-तीनदा लावली. आग लागेना, तेव्हा त्यांनाही चुकल्यासारखं झालं.

मध्य भारत आता मोडणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बोलणी ज्या वर्षी सुरू झाली, त्या वर्षी राजवाड्याजवळच्या मोठ्या टॉकीजला 'रंगीली रामकली' लागला. दिग्दर्शक दिनानाथ धामणकर. सगळं इंदूर लोटलं. पानाच्या ठेल्यांवर त्यातली गाणी वाजू लागली. कृष्णराव कचेरीत सगळ्यांदेखत उठून आले आणि अच्युतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, की भिया, आम्ही तुम्हाला इतकी वर्षं हसलो, पण पारख मानली. ज्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा तुम्ही त्याला ओळखलंत. कृष्णराव या वेळी थट्टा करत नव्हते. साऱ्या कचेरीनं मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा अच्युतराव घारपुऱ्यांचं मत सगळ्या शहराला पटलं होतं.

रविवारी ते कुमुदिनीबाईंना घेऊन गेले. चित्रपट उत्तम होता, म्हणजे चालायला जे लागतं ते सगळं जिथल्या तिथं होतं. बाईंना फार आवडला. अच्युतरावांना मात्र दुसरंच दिसत होतं. रामकलीचा बाप मरतो, ती दार लावून घेते, आणि नाच. तिचा नवरा कित्येक वर्षांनी परत येतो, उंबऱ्यात उभा राहतो, आणि नाच. जिथं जिथं त्या माणसाला गप्प राहायचं होतं, तिथं तिथं त्यानं स्वतःच, कुणी न सांगता, नाच घातला होता. जागा बिनचूक होत्या. तो त्या कुणाकडून शिकला ते अंधारात बसलेल्या एकाच माणसाला माहीत होतं. सगळी टॉकीज टाळ्या वाजवत असताना तो रडत होता, पण ग्वाल्हेरला रडला होता तसा नाही. या रडण्यात सोबत नव्हती.

घरी आल्यावर कुमुदिनीबाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, नाच चालू असताना डोळे का पुसत होतात? इतकी वर्षं त्यांनी असलं काही विचारलं नव्हतं. अच्युतरावांनी पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. की तो बंजारनचा नाच धामणकरांचा नव्हता. की तिथं दुसरंच काही होतं आणि ते आपण काढायला लावलं. की ते आता कुठंही नाही.

बाईंनी कंदिलाची वात जरा वर केली, चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. नवऱ्याचं हे दुःख किती जुनं आहे ते त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मग मला सांगा ना, काय होतं त्यात. मी तरी ऐकते."

अच्युतराव सावरून बसले. ज्या भागावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती, तो ते सांगू लागले. बाईला तार येते. ती चूल पेटवते. भात टाकते. दोन ताटं वाढते. मुलाच्या ताटातला भात आपल्या ताटात घेते आणि जेवते. एवढं सांगून ते थांबले. यापुढे खूप होतं, सगळं यापुढेच होतं. तिचा चेहरा होता, ती बसली होती तो वेळ होता, लाकडांचा आवाज होता. त्यांनी डोळे मिटले. चूल दिसली, बाईची फुंकर दिसली, जाळ उठला, आणि कितीही केलं तरी त्या जाळामागून बंजारनच येऊ लागली.

कुमुदिनीबाई वाट बघत होत्या. थोड्या वेळानं, त्यांना बरं वाटावं अशाच आवाजात, त्यांनी विचारलं, "एवढंच?"

अच्युतरावांनी पुन्हा एकदा शोधून पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "एवढंच."